पाचशे फुटांच्या आत

विमानाची सावली गच्चीवरून सरकली तेव्हा तिच्या कडा स्वच्छ होत्या. विमान उंचावर असलं की कडा विरतात. विमान खात्याच्या निरीक्षकबाईंनी रस्त्यावर उभ्या उभ्याच अंदाज बांधला: फार तर दीडशे फूट.

आजूबाजूला दुसरं घर नव्हतं. गच्चीत राखाडी कोट आणि टोपी घातलेला माणूस हात हलवत होता. विमान डोक्यावरून गेलं, तरी त्याची मान खालीच.

दार उघडायला वेळ लागला. दार उघडणाऱ्या काकूंना धाप लागली होती.

"विमानाबद्दल तक्रार आली आहे," बाई म्हणाल्या. "निनावी. औषध फवारताना शेतावर खाली उतरायची मुभा असते. पण घरापासून, माणसापासून पाचशे फूट लांब राहावंच लागतं."

"वैमानिक माझी लेक आहे." काकू खुर्चीत टेकल्या. "बापलेकीत तीन वर्षं अबोला. हिने उडायचं ठरवलं, तर हे म्हणाले, माझी पायरी चढू नकोस. कार्टी वस्ताद! पायरी चढलीच नाही, वरून यायला लागली. मग हेही गच्चीत जाऊन हात हलवायला लागले. तेवढंच त्यांचं बोलणं."

बाईंना हसू आलं. "आमच्या घरीही असाच एक नमुना आहे. पण काकू, तिचा परवाना जाईल हो. आणि पुढे विजेच्या तारा आहेत."

"तारा माहीत आहेत मला. रोज आणखी खाली येते. जवळून बघायचं असतं तिला."

"मग काकांना बोलवा. त्यांनी एकदा तिला फोनवर 'उंचावरूनच जा' म्हटलं, तर मी समज देऊन मिटवते. तक्रार कुणाची का असेना."

काकू उठल्या नाहीत.

"तक्रार माझीच आहे."

बाईंचं पेन थांबलं.

"तुमच्या कायद्याने तिला वर ठेवलं असतं, म्हणजे हा हंगाम तरी निभावला असता. खाली आली की गच्चीतला चेहरा दिसतो ना."

"काकू, काका कुठे आहेत?"

काकूंनी घड्याळाकडे पाहिलं. "आता उतरली असेल," असं पुटपुटत त्यांनी फोन उचलला. बराच वेळ घंटी वाजली. पलीकडून हसरा आवाज आला तशी त्यांनी दुसऱ्या हाताने टेबलाची कड धरली.

"राणी, आधी खाली बस. तू लांबच्या कामावर होतीस ना, तेव्हाच बाबा गेले गं. गच्चीत मी असते."