पळवापळवीचा सीन

"पण हे ट्रक परत कुठल्या वाटेनं येणार?" ओब्दुलियानं पुन्हा विचारलं.

"टेकडीला वळसा घालून, दोन्या ओब्दुलिया. सिनेमात तेवढंच दिसतं," दिग्दर्शिका फाबिओला म्हणाली आणि कॅमेऱ्यात डोकं घालून बसली.

ओब्दुलियाला ते पटलं नाही. टेकडीला वळसा घालायला ट्रकांत एवढा चारा आणि पाण्याची पिंपं कशाला लागतात?

दक्षिण मेक्सिकोतल्या त्या गावात नाव घेण्यासारखं एक प्राणिसंग्रहालयच होतं. नगरपालिकेला ते झेपेना, म्हणून एका कंपनीनं घेतलं. आता कंपनीला तिथं हॉटेल बांधायचं होतं. प्राण्यांची चांगल्या ठिकाणी सोय करू, असं व्यवस्थापक इंजिनिअर बारांदा सांगायचे. तेवढ्यात राजधानीहून ही सिनेमावाली मंडळी येऊन थडकली. त्यांच्या सिनेमाची गोष्टही हीच. कंपनीच्या तावडीतून सोडवायला नोकरमाणसं प्राणी पळवून नेतात. सगळा विनोदी मामला. फजिती होणाऱ्या साहेबाचं काम बारांदांनाच दिल्यावर ते इतके खूश झाले, की परवानगीचा प्रश्नच उरला नाही. दिवसभर तोंडाला पावडर फासून फाबिओलाच्या मागेपुढे करायचे.

प्राण्यांचं चारापाणी बघणाऱ्या ओब्दुलियाचं मात्र बारीक लक्ष होतं. मेकअपवाल्या मुलीच्या पेटीत तिनं गुंगीची इंजेक्शनं पाहिली. एका ड्रायव्हरनं तिला विचारलं, लांबच्या प्रवासात तो आखूड सोंडेचा टापिर ओकतो का? आणि फाबिओला रोज कनेलाच्या पिंजऱ्यापाशी येऊन उभी राहायची. कनेला ही तिथली एकुलती एक जग्वार. पिल्लू होती तेव्हा ओब्दुलियानंच तिला बाटलीनं दूध पाजलं होतं.

"वजन किती असेल हो हिचं?"

"तुला काय करायचंय? किलोवर विकणारेस?"

फाबिओला हसली नाही. इकडेतिकडे बघून निघून गेली.

ओब्दुलियानं बारांदांना गाठलं. "इंजिनिअर, ही माणसं चोर आहेत."

"अगं, चोरांचाच तर सिनेमा आहे!" बारांदा पोट धरून हसले. "तू ना, नवऱ्यालासुद्धा ओळखपत्र विचारून घरात घेत असशील!"

शूटिंगच्या दिवशी सकाळपासून माकडं, टापिर, मकाव पोपट, सगळे एकेक करून ट्रकांत चढले. नोकरमाणसं कॅमेऱ्याकडे बघत दात काढत होती. ओब्दुलिया कनेलाच्या पिंजऱ्यापुढे पाय रोवून उभी होती.

"दोन्या, हिला चढवा ना," फाबिओला जवळ येऊन म्हणाली.

"पोट बिघडलंय तिचं."

"काही बिघडलेलं नाही. पाया पडते तुमच्या. माझ्यावर विश्वास ठेवा."

"का ठेवू? सांग की."

फाबिओलानं तोंड उघडलं. तेवढ्यात बारांदा तिथं आले, तशी ती गप्प झाली.

"राहू दे गं ती," बारांदा म्हणाले. "एका जग्वारवाचून सिनेमा आपटणार नाही. मला चिखलात पडायचंय ना? चला, चला!"

ट्रक सुटले. बारांदा हात पसरून मागे धावले, ठरल्याप्रमाणे चिखलात आडवे झाले, उठून बोंबलले. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. कॅमेऱ्याची गाडीही ट्रकांमागोमाग गेली. टेकडीआड धूळ उडाली आणि बसली.

ट्रक परत आले नाहीत.

ऊन कललं तरी बारांदा चिखलाच्या कपड्यांतच फोनवर ओरडत होते. नोकरमाणसं कपाळाला हात लावून बसली होती. ओब्दुलिया एकेका रिकाम्या पिंजऱ्याचं दार लावत फिरली, पण मनातून ती सुखावलीही होती. कनेलानं गजांना गाल घासला. तिच्या कानामागे खाजवत ओब्दुलिया म्हणाली, "तुला नाही नेऊ दिलं मी. कुणाला नेऊ देणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बारांदा आले ते दोन अनोळखी माणसांना घेऊन. दोघांच्या पायांत उंच बूट होते. ते कनेलाला मान तिरकी करून न्याहाळू लागले. आता काल ऐकलं नाही म्हणून साहेब माफी मागतील, असं ओब्दुलियाला वाटलं.

बारांदांनी खरोखरच तिच्या खांद्यावर हात ठेवला. "रेडिओ ऐकलास? त्या बयेनं सगळे प्राणी पार जंगलातल्या अभयारण्यात पोचवले. तिथून आता कोण परत देतंय! हे साहेबलोक शिकारीसाठी एवढ्या लांबून आले, मी यांना काय तोंड दाखवणार होतो? तुझे उपकार झाले, ओब्दुलिया. ही एक तरी राखलीस. उघड पिंजरा."