दुसरा टाक

आबाजी आणि विमलताईंचं मीच जुळवलं. साठीनंतरच्या प्रेमाला एक हुशार नात लागतेच! आमच्यात दुसरेपणाच्या नवरीनं मेलेल्या पहिलीची प्रतिमा कोरलेला चांदीचा टाक गळ्यात बांधायचा असतो, म्हणजे ती छळत नाही. दोघांचं लग्न लावायला कळंबला निघण्याआधी आत्याआजीनं विमलताईंना माझ्या आजीचा टाक बांधला. मग डबीतून आणखी एक काढला.

"हा कोणाचा?" विमलताईंनी विचारलं.

"हिच्याही आधीचीचा. तुले सांगतलं नाही काय यानं?"

आम्हालाही कधी कोणी सांगितलं नव्हतं.

विमलताई आबाजींकडे वळल्या. "कशानं गेली ते सांगा. मंगच बांधीन."

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. "भैरवे, दार लाव आन् बाहेर जाय."

मी दार सताड उघडलं आणि विमलताईंच्या बाजूला जाऊन बसले.