वरच्या पाण्यात

देवाजीने लुंगीच्या ओच्यात ती पोटुशी रोहू उचलली, नाल्यावरच्या स्टॉप डॅमच्या भिंतीवर चढला आणि पलीकडच्या पाण्यात हलकेच सोडून दिली. पिशवीत टाकली नाही. घरी नेली नाही. चक्क सोडून दिली!

भाग्यश्रीचा मोबाईल धरलेला हात आपोआप खाली आला.

ती खरं तर या वेळी पुराव्याचा व्हिडिओ काढायला आली होती. पहिला किस्सा तर शाळेत एकदम हिट झाला होता. दहा दिवसांपूर्वी ट्यूशनहून सायकलवर परतताना कुरुद गावामागच्या नाल्यात तिला हाच माणूस दिसला होता. पाठमोरा, गुडघाभर पाण्यात, आणि जाळ्यात फुगलेल्या पोटांचे मासे. सोळा जून ते पंधरा ऑगस्ट बंदी असते, मासे अंडी घालतात म्हणून. नदीत जाळं नाही आणि नदीला मिळणाऱ्या नाल्यातही नाही. पुलाजवळ मच्छीमार सोसायटीचा निळा बोर्डच आहे तसा. खाली नंबर, आणि त्याखाली, ‘नाव सांगायची गरज नाही.’

त्याच संध्याकाळी तिने घरून फोन लावला होता.

“हाँ, बोलिए। किस जगह देखा?” पलीकडून सरकारी थाटातली हिंदी आली.

तिने जागा सांगितली, वेळ सांगितली, लुंगीचा रंगसुद्धा सांगितला. पलीकडे जरा वेळ कुणी बोललंच नाही. रेंज गेली असेल, असं तिला वाटलं.

“ठीक है बेटा,” मग आवाज आला. “कार्रवाई होगी।”

आणि झाली! दोन दिवसांत जाळं जप्त. भाग्यश्रीने प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर हे सांगितलं. मागच्या वर्षीपर्यंत ‘प्रेझेंट मॅम’ म्हणतानाही जिचा आवाज फुटत नसे, तिने माईकवर सांगितलं. टाळ्या थांबेनात. वर्गातली रेणू तर तिला ‘इन्स्पेक्टर मॅडम’ म्हणूनच हाक मारायला लागली.

“पोरी, मागं सरक! शेवाळ हाये, घसरशीन!”

देवाजी तिच्याकडे बघत होता. साठीचा, उघडा, काटक. गळ्यात दोरीने बांधलेली पॉलिथिनची पिशवी.

“काकाजी, तुम्ही हे काय करून राहिले?”

“अवो, मराठी होय तू! इकडं तं सारे हिंदीच बोलतेत. आमी भंडाऱ्याकडचे ढिवर, मच्छीमार सोसायटीतलेच.” तो खूश झाला. “काय करू, हमाली करतो ना मासोळ्यांची. शिवनाथ नदीमधून वर चढतेत ह्या, अंडे टाकाले. वर धानाच्या बांध्या हायेत, उथळ पानी हाये. पन मधात ही भित आली. तवापासून दर साली म्याच उचलून देतो. त्या मले भाडंबी देत नाईत.”

तो स्वतःच हसला. भाग्यश्रीला हसू आलं नाही. भिंतीच्या पायथ्याशी पाणी खदखदत होतं. मासे उसळून काँक्रीटवर आपटत होते, खाली पडत होते, पुन्हा आपटत होते. कडेला तीन मोठ्या रोहू पोट वर करून तरंगत होत्या. तोंडं सोललेली, पोटं अजून भरलेली.

“एकेक... हातानं?”

“जाळं होतं ना. एका खेपेत टोपलंभर जात. आता हातानं किती होते? ह्या तिघी काल रात्री गेल्या.”

“जाळं कुठं गेलं?” तिने विचारलं. माहीत असून विचारलं, याची तिला तिथल्या तिथे लाज वाटली.

“जप्त झालं. कोनीतरी तक्रार देली.”

“मग तुम्ही सांगायचं ना! की आपण पकडत नाही, पलीकडे सोडतो म्हणून!”

“कावून सांगू? बंदीत जाळं म्हंजे जाळं. उचलाच्या कामाचा कागद काढाले पाह्यजे होता, म्या आळस केला. उद्या दुसरा कोनी म्हनंल, मीबी सोडूनच राहिलो. तक्रार करनाऱ्याचं काहीच चुकलं नाई.”

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. भाग्यश्रीने तोंड उघडलं. ‘मी’ एवढंच म्हणायचं होतं. आठशे मुलांसमोर घडाघडा बोललेली मुलगी, आणि तिला एक अक्षर जमेना. तिच्या कानात त्या टाळ्याच वाजत राहिल्या.

ती शाळेच्या बुटांसकट पाण्यात उतरली. दोन्ही हातांनी एक रोहू कवटाळली. शेपटीचा फटका थेट गालावर बसला. बसू दे, तिला वाटलं, अजून एक बसू दे. धडपडत भिंतीवर चढून तिने ती पलीकडे सोडली. मासोळी क्षणभर थबकली आणि सूऽऽ करून वर निघून गेली.

“शाबास!” देवाजी ओरडला.

ते शाबास तिला सहन झालं नाही. तिने ओले हात स्कर्टला पुसले आणि मोबाईल काढला. बोर्डावरचा तो नंबर अजून कॉलच्या यादीत होता. तक्रार मागे घेते म्हणायचं. चूक झाली म्हणायचं. या वेळी नाव सांगायचं, पूर्ण नाव. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून ती पाठ करून उभी राहिली.

रिंग गेली.

मागे, देवाजीच्या गळ्यातल्या पिशवीत, फोन वाजायला लागला.

तिने वळून पाहिलं. त्याने हात लुंगीला नीट कोरडे केले, पिशवीची गाठ सोडली, नाल्याकडे तोंड करून फोन कानाला लावला. त्याचा आवाज तिला दोनदा ऐकू आला, एकदा कानात आणि एकदा समोरून.

“हाँ, बोलिए। किस जगह देखा?”