मागावरची बोली

डीजेनं मंगल कार्यालयाचे पत्रे हादरायला लागले, तशी सोयरी मंडळी एकमेकांच्या कानात ओरडू लागली. म्हातारा इराप्पा मात्र खुशीत होता. याच पत्र्यांखाली पूर्वी कापसाचं जिनिंग होतं, मग यंत्रमाग आले. मागांच्या खडखडाटात कामगार ओठ वाचूनच बोलायचे.

पलीकडे बायकांत बसलेल्या त्याच्या शालननं नुसते ओठ हलवले, "जेवून घ्या जावा. जिलेबी संपाय लागलीया."

तो हसला. इथंच, मागावरून त्यानं सुताच्या कांड्या भरणाऱ्या शालनला असंच बिनआवाजी विचारलं होतं, "माझ्यासंगं लगीन करतीस?" अख्ख्या कारखान्यानं ते वाचलं आणि माग थांबवून टाळ्या वाजवल्या.

आता ओठ वाचणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. इराप्पानं सावकाश ओठ हलवले, "नवरीपरास तूच झ्याक दिसतीस."

एवढ्या गर्दीत एकटी शालन लाजली.