सरांची गाडी

निवृत्त शामकांत सरांनी गाडी विकायला काढली, ती मीटर मागे फिरवून घेऊनच. शेवगावचे गहिनीनाथ ती बघायला आले, तेव्हा सोबत त्यांच्याच गावातला मेकॅनिक रविराज होता. तो सरांचा जुना विद्यार्थी निघाला. सरांच्या पाया पडून त्याने गाडीला स्कॅनर जोडला. मीटरवर बासष्ट हजार किलोमीटर होते. गाडीच्या कॉम्प्युटरमधला खरा आकडा वाचून स्कॅनरने एक लाख एकेचाळीस हजार दाखवले. रविराजने एकदा सरांकडे पाहिलं आणि स्क्रीन बंद केली.

"आकडा बरोबर हाय. सरांची गाडी हाय, बिनघोर घ्या."

सरांना ते ऐकवेना.

"थांबा गहिनीनाथ. मीटर मी मागे फिरवलंय. गाडी याच्या दुपटीहून जास्त चालली आहे."

गहिनीनाथ म्हणाले, "तुमी सोताहून खरं बोललात सर, लई मोठं मन हाय तुमचं." आणि रविराजकडे वळले. "तुझ्या भरवशावर आल्तो मी. आता गावात कुनाच्या गाडीला हात लावू नको."

रविराज मान खाली घालून वायर गुंडाळत राहिला.

'त्याने माझ्यासाठी खोटं सांगितलं,' एवढं सरांना म्हणता आलं असतं. ते म्हणाले नाहीत.