धवलारणीची दाढ

"बसली गो पोरी, आता चिटकव," बायजाबाई म्हणाली आणि खुर्चीवरून उठायलाच लागली.

डॉक्टर मृणालीने खांद्यावर हात ठेवून तिला परत आडवं केलं. दाढेवर धातूची नवी कोरी कॅप अजून नुसती बसवून पाहिली होती. चावताना दाढ कुठे उंच लागते ते दाखवणारा निळा कागद चावून झाला होता, कुठे टोचतंय का, हेही पुन्हा पुन्हा विचारून झालं होतं. बायजाबाई दर वेळी नाही म्हणाली होती आणि दर वेळी खोटं बोलली होती. उद्या वडपे गावात हळद होती. नवऱ्या मुलाला हळद लागायची ती तिच्या धवल्यांवर, लग्नात गायच्या त्या जुन्या गाण्यांवर. पंचक्रोशीत सगळे धवले पुरते येणारी ती एकच धवलारीण उरली होती आणि तिला घरी जायची घाई झाली होती.

"आजी, जरा गा बघू."

"हितं?"

"इथंच. गाणारं तोंड गाऊनच तपासायला हवं."

बायजाबाईने धवला धरला. दुसऱ्याच ओळीला जीभ कॅपच्या कडेला घासली आणि शब्द अडखळला. तिने हळूच डॉक्टरकडे पाहिलं. चोरी पकडली गेली होती.

कॅप निघाली, कड घासली गेली, पुन्हा बसली. पुन्हा गाणं, पुन्हा बारीकशी बोच. बाहेर बाकड्यावर कुरकुर सुरू झाली. मदतनीस मनिषा दारातून म्हणाली, "मॅडम, लोक निघालेत."

"थांबतील ते थांबतील," म्हणत मृणालीने कॅप पुन्हा उतरवली.

एवढीशी पोर, पण काय तिचा नेट! बायजाबाईला मनापासून कौतुक वाटलं. एके काळी भटजी मुहूर्त मुहूर्त करून घसा कोरडा करायचे, तरी ती एक ओळ गाळत नसे. हल्ली कुणी घड्याळ दाखवलं, की मुकाट आवरतं घ्यायची.

कड पुन्हा घासून झाल्यावर ती गायली, तेव्हा जीभ कुठेच अडली नाही. मृणालीने दाढ कोरडी केली, काचेवर सिमेंट घोटलं, कॅपमध्ये भरलं आणि ती अंगठ्याने दाबून बसवली. वर कापूस ठेवला.

"घट्ट चावून धरा. मी सांगेपर्यंत बोलायचं नाही."

नेमका तेव्हाच नवऱ्या मुलाचा भाऊ भाविक आत डोकावला. बायजाबाईला मोटारसायकलवरून त्यानेच आणलं होतं.

"आक्का, उद्या दोन धवल्यांत उरक हां. डीजेवाला थांबनार न्हाय."

बायजाबाई गप्प. गप्प म्हणजे कबूल, असं समजून भाविक खूश झाला.

सिमेंट घट्ट झालं. मृणालीने कडेचं जास्तीचं खरवडलं, दाढेच्या फटीतून दोरा फिरवला. "हं, बोला आता."

"भाविक, सगलं धवलं होतील," बायजाबाई म्हणाली. "हिनं माज्या गान्यापायी कॅप दोनदा उतरवली, तवर भायेरची मानसं थांबली. तुजा डीजेवालाबी थांबंल."

मृणालीला हसू आवरेना. "आजी, तासभर या बाजूने काही खायचं नाही."

"खातंय कोन? गाऊ का, ते सांग."

"गा."

बाहेर बाकड्यावरून उठून निघालेला एक माणूस चपला काढून पुन्हा खाली बसला.