दुसरा रिमोट

गाडी पुन्हा सुरू झाली.

आधी दिवे लुकलुकले, मग इंजिन घुरघुरायला लागलं. ती अंथरुणातून तशीच उठून स्वयंपाकघराच्या खिडकीशी धावली. खाली आवारात गाडी उभी होती. दारं बंद. काचांवर दव. आत कुणीच नाही. मागून पांढरी वाफ निघत होती, थंडीत कुणी शांतपणे श्वास सोडावा तशी.

थोड्या वेळाने, रोजच्यासारखी, ती आपली आपण बंद झाली.

"झाली सुरू तर झाली," मागून सासूबाईंचा आवाज आला. "उठलीच आहेस तर दूध ठेव. बाळ उपाशी आहे."

तिने दूध ठेवलं. 

गाडी तिची होती, पण ती रिमोटने सुरू करायचा सोस तिच्या नवऱ्याचा. रोज सकाळी आईच्या खोलीतल्या खिडकीत उभा राहून तो बटण दाबायचा. ती आवरून कामाला निघेपर्यंत गाडी आतून छान उबदार झालेली असायची. बटण दाबलं की येऊन तिच्या अंगावरचं पांघरूण ओढायचा. "ऊठ गं, गाडी केव्हाच उठली!" सासूबाई आतून टोमणा हाणायच्या, "बायकोसाठी गाडी गरम, आईसाठी चहा गार."

मग एके दिवशी तो कामावरच कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही. त्याचा रिमोट त्याच्या शर्टाच्या खिशात होता. हॉस्पिटलने त्याच्या वस्तूंची एक पिशवी दिली. ती कुणी घेतली, कुठे ठेवली, तिने विचारलं नाही. त्यानंतर तिने कशाबद्दलच काही विचारलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. बाळ रडायचं, आणि ते रडणं तिला शेजारच्या घरातलं वाटायचं.

आणि एका सकाळी गाडी सुरू झाली. तेव्हापासून रोज.

शेवटी तिने गाड्यांचं वायरिंग करणाऱ्याला बोलावलं. अलार्म, रिमोट, सगळं त्यानेच बसवलं होतं. त्याने बॉनेट उघडलं, स्टिअरिंगखाली डोकं घालून वायरी चाचपल्या.

"कुठे शॉर्ट होतंय का?" तिने विचारलं.

"छे हो, ताई. आपण होऊन काहीबाही करायला ती काय माणूस आहे? हिला कुणीतरी सांगावं लागतं."

"कुणी?"

त्याने किल्ली दोन-तीनदा फिरवली, आत कुठलंसं बारीक बटण दाबलं. गाडीने दिवे मिचकावले. एकदा. आणि पुन्हा एकदा.

"दोन रिमोट लक्षात आहेत हिच्या," तो म्हणाला. "एक तुमच्या हातात आहे. दुसरा..." तो थांबला. दुसरा त्याने स्वतःच कुणाच्या हातात दिला होता, ते त्याला आठवलं असावं.

"तो किती लांबून चालतो?"

"लांबून नाही. फार तर या आवारातून."

तिने मागे वळून पाहिलं. आवार रिकामं होतं. वाळत घातलेली एक चादर तेवढी हलत होती. 

"विसरायला लावता येतं हिला," तो हळूच म्हणाला. "तुमचा एकटाच रिमोट हिला पुन्हा शिकवायचा. बाकीचे सगळे विसरते. पुसू का?"

 तिला भीती वाटत होती, खरंच वाटत होती. पण त्या भीतीत तो होता. ती भीती गेली की काहीच उरणार नव्हतं.

"पुसा," तरी ती म्हणाली.

गाडीने या वेळी एकदाच दिवे मिचकावले.

ती वर आली तेव्हा सासूबाई बाळाचं तोंड पुसत होत्या. "काय म्हणाला गं तो?"

"काही नाही, आई. वायर सैल होती."

"अस्सं," म्हणून त्या पुन्हा बाळाच्या हनुवटीकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली नाही.

ती जागी होती. डोळे मिटून ऐकत होती. उजाडलं. पक्ष्यांचा कलकलाट झाला आणि ओसरला. आपण वाट बघतोय हे तिच्या ध्यानात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली. शेजारी बाळ जागं झालं, कुरकुरलं, तिची बाही ओढायला लागलं. तिने भिंतीकडे तोंड वळवलं. आता उठायचं तरी कशाला?

टिक्.

आवाज अगदी बारीक होता. खालून नाही, घरातूनच आला होता.

टिक्. मग काही क्षण काहीच नाही. मग घाईघाईने, टिक् टिक् टिक्.

ती उठली. नकळत बाळाला कडेवर घेतलं. अनवाणी, भिंतीच्या आधाराने ती आवाजाच्या दिशेने गेली. सासूबाईंच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिने ते बोटाने ढकललं.

पलंगावर हॉस्पिटलची पिशवी होती, गाठ सुटलेली. शेजारी त्याचा शर्ट, नीट घडी घातलेला. आणि खिडकीत, तो उभा राहायचा अगदी तिथेच, सासूबाई उभ्या होत्या. दोन्ही हातांनी त्याचा रिमोट काचेला टेकवून, सगळा जोर अंगठ्यात आणून त्या बटण दाबत होत्या.

तिची चाहूल लागताच त्या वळल्या. डोळे डबडबले होते.

"आज चालतच नाही गं हे मेलं," त्या म्हणाल्या. "आणि गाडी उठल्याशिवाय तू काही उठत नाहीस."